सार्जंट-मेजर झाला कॅप्टन: आर्थर लोच्या एका भूमिकेचा प्रकरण अभ्यास

1968 साली बीबीसीच्या विनोदी कार्यक्रम विभागापुढे एक प्रश्न होता. दुसऱ्या महायुद्धातल्या होमगार्डवर नवी मालिका करायची ठरली होती. समुद्रकिनाऱ्यावरचं छोटं गाव, म्हातारे आणि पोरं मिळून उभी राहिलेली तुकडी, तिच्यावर एक कॅप्टन आणि त्याच्या हाताखाली एक सार्जंट. या दोन जागांवर कोणाला घ्यायचं?

शेवटी निवड झाली ती आर्थर लो आणि जॉन ल मेझुरिए यांची. आता कोणाला काय द्यायचं? कोणीही डोळे झाकून उत्तर दिलं असतं. ल मेझुरिए उंच, सडपातळ, चेहऱ्यावर खानदानी थकवा आणि बोलणं मऊ, म्हणजे कॅप्टन. लो बुटका, गोल, टकला, उत्तर इंग्लंडात वाढलेला, म्हणजे सार्जंट. ब्रिटिश सिनेमा कित्येक वर्षं असंच करत आला होता. या मालिकेत, म्हणजे 'डॅड्स आर्मी'मध्ये, नेमकं उलट झालं. या एका उलटापालटीतून एका चरित्र अभिनेत्याची तेवीस वर्षांची मेहनत फळाला आली, आणि तीच या लेखात मला तपासायची आहे. नटाचं काम कशावर उभं असतं हे शिकण्यासाठी मला हे प्रकरण फार मोलाचं वाटतं.

आधी लो तिथवर आला कसा ते पाहू.

जन्म 22 सप्टेंबर 1915, डर्बीशरमधलं हेफील्ड. वडील रेल्वेत नोकरीला. बालपण मँचेस्टरच्या लेव्हनशुम भागात गेलं. व्यापारी जहाजावर जायचं मनात होतं, पण डोळे अधू निघाले. मग नोकऱ्या केल्या. फेअरी या विमान कारखान्यात तो कामाच्या वेळेची मोजदाद करणारा कारकून होता. युद्ध सुरू व्हायच्या आधीच तो राखीव सैन्यात दाखल झाला आणि युद्धकाळात मध्यपूर्वेत गेला. तिथे जवानांच्या करमणुकीसाठी होणाऱ्या कार्यक्रमांत तो उभा राहू लागला. सैन्यातून बाहेर पडला तेव्हा हुद्दा होता सार्जंट-मेजर. हा हुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

1945 मध्ये मँचेस्टरच्या ह्यूम हिप्पोड्रोममध्ये त्याने व्यावसायिक रंगभूमीवर पाऊल ठेवलं. वय तीस. तिथेच जोन कूपर ही अभिनेत्री भेटली आणि 1948 मध्ये दोघांनी लग्न केलं. त्या काळच्या इंग्लंडात गावोगावी रेपर्टरी कंपन्या असत. आठवड्याला एक नाटक, रात्री या आठवड्याच्या नाटकाचा प्रयोग आणि दिवसा पुढच्या आठवड्याच्या नाटकाची तालीम. या आठवड्यात पाद्री, पुढच्या आठवड्यात पोलीस, त्याच्या पुढच्या आठवड्यात मुलीचा बाप. पाठांतराला वेळ नाही, आत शिरून चिंतन करायला तर नाहीच. पात्र कसं ओळखू येईल, त्याची चाल कशी, चष्मा कसा, दार उघडून आत येताना तो आधी कुठे बघेल, हे चार दिवसांत पक्कं करावं लागायचं. आपल्याकडच्या जुन्या नाटक मंडळीतल्या नटांना ही शिस्त परकी वाटली नसती.

पन्नाशीच्या दशकात तो लंडनच्या वेस्ट एंडमध्ये संगीत नाटकांतून दिसू लागला. सिनेमात तर 1948 पासूनच बारीकसारीक कामं करत होता: वार्ताहर, कारकून, एखाद्या दृश्यापुरता अधिकारी. श्रेयनामावलीत खाली कुठेतरी नाव. त्याला कोणी तारा म्हणत नव्हतं, पण दिग्दर्शकांच्या वहीत त्याचं नाव होतं आणि चरित्र अभिनेत्याचं पोट त्या वहीवर चालतं.

डिसेंबर 1960 मध्ये ग्रॅनाडा टेलिव्हिजनची 'कॉरोनेशन स्ट्रीट' सुरू झाली आणि त्यात लोला लिओनार्ड स्विंडली मिळाला. कपड्याचं दुकान चालवणारा, चर्चमध्ये प्रवचन देणारा, स्वतःला गावातला मोठा माणूस समजणारा. लग्नाच्या वेदीपर्यंत पोचलेल्या स्विंडलीला त्याची नियोजित वधू एमिली ऐनवेळी नकार देते, तो प्रसंग तेव्हा सगळ्या देशाने पाहिला. स्विंडली एवढा चालला की त्याच्यासाठी 1965 मध्ये 'पार्डन द एक्स्प्रेशन' ही वेगळी मालिका निघाली. मात्र या सगळ्या वर्षांत लोने रंगभूमी सोडली नाही. 1964 मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये जॉन ऑसबर्नच्या नव्या नाटकात तो काम करत होता. एका बाजूला घराघरांत पोचलेला स्विंडली, दुसऱ्या बाजूला त्या काळातलं सगळ्यात धारदार नाटक करणारं थिएटर. दोन्हीकडे माणूस तोच आणि अभिनयाची पद्धतही तीच. याकडे टीकाकारांनी पुरेसं लक्ष दिलं नाही असं मला राहून राहून वाटतं.

आता 1968 कडे येऊ.

मालिकेची कल्पना जिमी पेरीची. पोरवयात तो स्वतः वॉटफर्डला होमगार्डमध्ये होता. 14 मे 1940 रोजी ब्रिटनचा युद्धमंत्री अँथनी ईडनने रेडिओवरून आवाहन केलं, सतरा ते पासष्ट वयाच्या पुरुषांनी आपापल्या गावाच्या रक्षणासाठी पुढे यावं, आणि लोकांची रीघ लागली. बंदुका नव्हत्या, गणवेश नव्हते. तरी माणसं आली. (आपल्याकडची होमगार्ड संघटना 1946 च्या डिसेंबरात मुंबई प्रांतात उभी राहिली. नाव तिकडूनच आलं.) पुढे पेरी सैन्यात गेला आणि युद्ध संपताना नाशिकजवळच्या देवळालीत तोफखान्याच्या करमणूक पथकात होता. त्या अनुभवावर त्याने नंतर वेगळी मालिका लिहिली, तो विषय वेगळा. मुद्दा इतकाच की सैन्यातला विनोद त्याने दुरून पाहिला नव्हता. त्याचा सहलेखक आणि मालिकेचा निर्माता डेव्हिड क्रॉफ्ट हाही सैन्यात अधिकारी होता.

कॅप्टनच्या भूमिकेसाठी आधी थॉर्ली वॉल्टर्सला विचारलं गेलं, जॉन पर्टवीला विचारलं गेलं. जमलं नाही. पेरीच्या डोक्यात पहिल्यापासून लो होता. विनोदी विभागाचा प्रमुख मायकल मिल्स मात्र साशंक होता, कारण लो स्पर्धक वाहिनीचा माणूस, तो आपल्याकडे कुठे काम करतो? उलट ल मेझुरिएसाठी मिल्सच आग्रही होता. हा माणूस दुःख फार छान भोगतो, असं त्याचं म्हणणं. लोबरोबरची पहिली भेटही धड झाली नाही. क्रॉफ्ट सांगायचा की आपल्याला कसले कार्यक्रम आवडत नाहीत हे सांगताना लोने ज्या मालिकेचं नाव घेतलं, ती नेमकी क्रॉफ्टनेच केली होती. तरीही काम लोलाच मिळालं. वय 52.

भूमिका जॉर्ज मॅनरिंगची. इंग्रजीत हे आडनाव लिहितात एक आणि उच्चारतात दुसरं. वाचणारा अडखळतो आणि कॅप्टनसाहेब नाक वर करतात. वॉल्मिंग्टन-ऑन-सी नावाच्या काल्पनिक गावातल्या बँकेचा हा मॅनेजर. त्याचा मुख्य कारकून आर्थर विल्सन तुकडीत सार्जंट आणि बँकेतला पोऱ्या पाइक तुकडीतला शिपाई.

उलटापालट इथे कामाला येते. इंग्लंडात ज्याला पब्लिक स्कूल म्हणतात ती नावाला पब्लिक. प्रत्यक्षात ती पैसेवाल्या घराण्यांतल्या मुलांची खासगी निवासी शाळा. विल्सन तिथला. मॅनरिंग ग्रामर स्कूलचा, म्हणजे परीक्षेत गुण मिळवून, वह्या घासून वर आलेला. हुद्द्याने मॅनरिंग साहेब आणि विल्सन हाताखालचा. जन्माने विल्सन वरचा आणि मॅनरिंग खालचा. खोलीत दोघं उभे असले की दोघांनाही हे माहीत असतं. विल्सन फक्त हळूच विचारतो, "तसं करणं शहाणपणाचं होईल का, सर?" आणि मॅनरिंगच्या चेहऱ्यावर तीस वर्षांचा सल उमटतो.

समजा, भूमिका सरळ वाटल्या असत्या. उंच खानदानी कॅप्टन आणि बुटका खटपट्या सार्जंट. विनोद झाला असता, पण तो शंभरदा पाहिलेला विनोद. साहेब बावळट आणि नोकर चलाख, संपलं. या मांडणीत मात्र मॅनरिंगला दर मिनिटाला आपली जागा पुन्हा मिळवावी लागते. सतत धडपडणारा माणूस कसा उभा करायचा, हे लोइतकं त्या काळात क्वचितच कोणाला साधलं असेल.

1970 च्या एका भागात विल्सनला एकाच वेळी दुसऱ्या शाखेचं मॅनेजरपद आणि अधिकाऱ्याचा हुद्दा मिळतो. मॅनरिंगचा जळफळाट होतो. आपण आयुष्यभर झगडून मिळवलं ते याला आयतं मिळालं, हे तो बोलून दाखवतो. तिथे लो विनोद करायचा प्रयत्नच करत नाही. तो फक्त दुखावलेला माणूस असतो. प्रेक्षक हसत असतात आणि हसता हसता गप्प होतात. नंतर विल्सन नव्या शाखेत पोचतो तर बॉम्बहल्ल्यात ती शाखाच जमीनदोस्त झालेली असते. तो परत येतो, जुन्या जागेवर उभा राहतो. दोघांपैकी कोणीही फारसं काही बोलत नाही.

आणि आता तो हुद्दा. लो खऱ्या युद्धातून सार्जंट-मेजर म्हणून परतला होता. ल मेझुरिए रॉयल टँक रेजिमेंटमध्ये अधिकारी होता, 1943 पासून हिंदुस्थानात वायव्य सरहद्दीकडे होता आणि कॅप्टन म्हणून सैन्यातून बाहेर पडला. म्हणजे पडद्यावर खरा कॅप्टन सार्जंट झाला आणि खरा सार्जंट-मेजर कॅप्टन. पात्रनिवड करणाऱ्यांनी हा हिशेब मांडून ठेवला होता असं मी म्हणणार नाही. पण सार्जंट-मेजरने आयुष्यात किती कॅप्टन जवळून पाहिलेले असतात! कवायत चालू असताना साहेब चुकीचा हुकूम सोडतात, रांग गोंधळते, आणि साहेबांची मान तरीही ताठ राहते. ती ताठ मान लोने कुठून आणली असेल, याचं उत्तर मला तरी त्या हुद्द्यात दिसतं.

एक प्रसंग जवळून बघण्यासारखा आहे. 31 ऑक्टोबर 1973 रोजी प्रक्षेपित झालेला भाग. जर्मन पाणबुडीचे खलाशी पकडले गेलेत आणि चर्चच्या सभागृहात मॅनरिंगच्या तुकडीच्या ताब्यात आहेत. फिलिप मॅडॉकने केलेला पाणबुडीचा कॅप्टन थंड, उर्मट. युद्ध जिंकल्यावर कोणाकोणाला धडा शिकवायचा त्यांची नावं तो यादीत लिहितोय. पाइक हिटलरची टर उडवणारं गाणं म्हणतो. जर्मन कॅप्टन म्हणतो, तुझंही नाव यादीत जाणार, काय नाव तुझं? आणि मॅनरिंग तडक ओरडतो, "सांगू नकोस त्याला, पाइक!"

ब्रिटिश टेलिव्हिजनवरच्या सगळ्यात गाजलेल्या विनोदी वाक्यांत हे मोजतात. कागदावर ते वाचलं तर चार शब्द आहेत. लोने त्यात काय केलं ते पाहा. तो थांबत नाही. वाक्यापूर्वी विराम घेत नाही, 'पाइक'वर जोर देत नाही, म्हटल्यावर प्रेक्षकांकडे बघत नाही. वाक्य एका दमात येतं, अगदी अधिकाऱ्याच्या आवाजात, आपल्या पोराला वाचवण्याच्या खऱ्या तळमळीने. कमी कसाचा नट नावाआधी किंचित थांबला असता, आता गंमत बघा अशी सूचना दिली असती, आणि वाक्य मेलं असतं. मॅनरिंगला आपण चुकलोय हे कळायच्या आत प्रेक्षकांना कळतं. मधलं अंतर सेकंदाचा एखादा तुकडा. तेवढ्या फटीत सगळा हशा मावतो. रेपर्टरीत दिवसरात्र घासल्याशिवाय ही फट हाताला लागत नाही.

त्याच भागात आणखी एक गोष्ट घडली, पडद्यामागे. लोची एक अट होती: माझी पँट उतरणार नाही. हे त्याने करारातच घालून घेतलं होतं असं त्याचे सहकारी सांगत. या भागाच्या मूळ संहितेत जर्मन कॅप्टन मॅनरिंगच्या पँटीत हातबॉम्ब कोंबतो असं होतं. लोने साफ नकार दिला. लेखकांनी तो बॉम्ब क्लाइव्ह डनच्या म्हाताऱ्या लान्स कॉर्पोरल जोन्सच्या पँटीत घातला.

हा नकार अनेकांनी नटाचा हट्ट म्हणून सांगितलाय. माझ्या मते तो हट्ट नव्हता, त्याला आपलं पात्र लेखकांपेक्षाही जास्त कळलं होतं. मॅनरिंगची पँट उतरली की मॅनरिंग संपतो. या माणसाकडे प्रतिष्ठेपलीकडे काहीच नाही. झटापटीत टोपी तिरकी होईल, चष्मा वाकडा होईल, केसांची एक बट कपाळावर येईल. तेवढीच पडझड चालते, कारण तेवढ्यातून तो स्वतःला सावरू शकतो आणि सावरण्याची धडपड हाच त्याचा विनोद. जोन्सचं तसं नाही. जोन्सला लाज नाही, त्याला शौर्य गाजवायचंय. बॉम्ब त्याच्याकडे गेला आणि प्रसंग दुप्पट रंगला: जोन्स थरथरत चाललाय आणि मॅनरिंग त्याच्या काळजीने कासावीस झालाय. शेवटी कळतं की विल्सनने त्या बॉम्बमध्ये खरे डिटोनेटर घातलेच नव्हते, आणि मॅनरिंग पुन्हा विल्सनसमोर उघडा पडतो. पँट न उतरताही.

लोची आणखी एक सवय सहकाऱ्यांना जाच वाटे. तो संहिता घरी नेत नसे. पाठांतर कच्चं राहायचं, चित्रीकरणात वाक्य शोधत थांबायचा. याचं समर्थन करता येणार नाही. समोरच्या नटाचे हाल होतात आणि रंगभूमीवर वाढलेल्या माणसाने तर हे करूच नये. पण नीट पाहिलं तर मॅनरिंगच्या काही अडखळण्या, "हं, तर मग", एखाद्या शब्दावरची धाप, या शोधाशोधीतून आल्यासारख्या वाटतात. भाषण ठोकायला उभा राहिलेला बँक मॅनेजर असाच बोलतो.

मालिका 31 जुलै 1968 रोजी सुरू झाली, तीही चाचरतच. होमगार्डची थट्टा होतेय असं लोकांना वाटेल ही बीबीसीतल्या वरिष्ठांना भीती. सुरुवातीच्या शीर्षकदृश्यात युद्धातल्या निर्वासितांची चित्रं होती, ती काढायला लावली. ती भीती निरर्थक ठरली, कारण थट्टा होती ती माणसांच्या बढायांची, त्यांच्या धैर्याची कधीच नव्हती. तुकडीतल्या दोन म्हाताऱ्यांच्या भूमिका करणारे आर्नोल्ड रिडली आणि जॉन लॉरी पहिल्या महायुद्धात प्रत्यक्ष लढले होते, रिडली तर सॉमच्या लढाईत जबर जखमी झाला होता. मॅनरिंग कितीही फुगीर असला तरी जर्मन खरोखर आले असते तर तो पुलावर उभा राहून मेला असता, याबद्दल प्रेक्षकांच्या मनात कधी शंका नव्हती. लोने ती शंका येऊच दिली नाही. या भूमिकेतली मला सर्वांत प्रिय गोष्ट हीच.

नोव्हेंबर 1977 पर्यंत मालिकेचे नऊ हंगाम आणि ऐंशी भाग झाले. जोडीला सिनेमा, रेडिओ, रंगमंचावरचा प्रयोग. भरभराटीच्या काळात एकेक भाग दीड कोटीहून जास्त लोक पाहत.

अशा यशानंतर चरित्र अभिनेत्याच्या मानेवर एकाच पात्राचं जू बसतं. स्विंडलीने तेच केलं होतं, मॅनरिंगने दुप्पट केलं. लोने त्यावर जुनाच उपाय केला, काम करत राहण्याचा. लिंडसे अँडरसनसारखा कठोर दिग्दर्शक त्याला पुन्हा पुन्हा बोलवत होता. 1973 च्या त्याच्या 'ओ लकी मॅन!'मध्ये लोने तीन भूमिका केल्या आणि त्याला बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट-टेलिव्हिजन अकादमीचा सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. (त्यातली एक भूमिका चेहऱ्याला काळा रंग फासून केलेल्या आफ्रिकी माणसाची होती. आज ती पाहवत नाही, आणि लोवर प्रेम करणाऱ्यानेही हे सांगायला हवं.) 1974 मध्ये नॅशनल थिएटरने केलेल्या शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट'मध्ये जॉन गिलगुड प्रॉस्पेरो आणि लो दारूडा स्टेफानो. त्याच सुमारास लहान मुलांच्या 'मिस्टर मेन' कार्टूनला त्याचा आवाज होता. पाच-सहा वर्षांच्या मुलांना मॅनरिंग माहीत नव्हता, पण गोष्ट सांगणारा तो आवाज माहीत होता.

पुढच्या वर्षांत तब्येत ढासळली. अवेळी झोप लागण्याचा आजार जडला, भर कामात डोळा लागे. भूमिका लहान होत गेल्या. तो आणि जोन मिळून दौऱ्यावरची नाटकं करू लागले, पुन्हा गावोगावी, पुन्हा नव्या गावातली मेकअपची खोली. जोनला आपल्याबरोबर काम मिळावं असा त्याचा आग्रह असे. त्यापायी त्याने नामवंत थिएटरपेक्षा हे दौरे पत्करले, याची अनेकांना खंत वाटते. मला ती वाटत नाही. सुरुवात जिथून झाली तिथेच तो परत गेला होता, आणि तेही जिच्याबरोबर सुरुवात केली तिला घेऊन.

14 एप्रिल 1982. बर्मिंगहॅम. दुपारी त्याने टेलिव्हिजनवर थेट मुलाखत दिली. संध्याकाळी अलेक्झांड्रा थिएटरमध्ये आर. सी. शेरिफच्या 'होम ॲट सेव्हन'चा प्रयोग होता, जोनही त्यात होती. प्रयोगाआधी मेकअपच्या खोलीत त्याला पक्षाघाताचा झटका आला. दुसऱ्या दिवशी पहाटे रुग्णालयात त्याने प्राण सोडला. वय 66.

अंत्यसंस्काराला जोन नव्हती. दौरा पुढे सरकला होता. ती बेलफास्टमध्ये होती आणि तिथे त्याच नाटकाचे प्रयोग लागलेले होते.